घाटाखालची लस

केतकीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा डोहाळजेवणाच्या पंगतीत नर्सचं पान मांडायची पद्धत नुकतीच पडली होती. ओटी भरून झाली की नर्स हात धुऊन पुढे व्हायची, हिरव्या चोळीची बाही वर सारायची, दंडात लस टोचायची आणि मग जेवणं. केतकीचं डोहाळजेवण तिच्या माहेरी, सुरूबंदरला झालं. तिची आई नर्सला म्हणाली, "बाई, एक जावयाला पण टोचा. तोच जास्त घाबरलेला दिसतोय." सगळ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या. केतकी सगळ्यांत जास्त हसली. हसताना ती तोंडावर हात धरायची, कारण तिचा पुढचा एक दात तिरका होता. मला तो दात आवडायचा. ही काही गोष्टीत घालण्यासारखी बाब नाही, पण घातली.

मी मोरखिंडीत मोटारी भरतो. शेतावरच्या पंपाची असो की गिरणीची, मोटर जळाली की तिची जुनी तार काढायची आणि नवी गुंडाळायची, हे माझं काम. मोरखिंड घाटावर. सुरूबंदर खाली, समुद्राकाठी. मधे घाट.

लस कशासाठी ते त्या नर्सनेच आम्हाला जेवता जेवता सांगितलं. त्या वर्षांत दवाखान्यांतल्या जंतूंवर औषधं चालेनाशी झाली होती. मोठा माणूस कसाबसा तरून जायचा. नुकतं जन्मलेलं मूल तरत नव्हतं. पहिल्या काही आठवड्यांत जंतू रक्तात शिरला की मूल दूध ओढायचं बंद करायचं, अंग गार पडायचं, आणि डॉक्टर हात जोडायचे. जन्मल्यावर मुलाला लस देऊन उपयोग नव्हता. लसीचा धडा शिकायला शरीराला वेळ लागतो आणि तेवढा वेळ त्या मुलाकडे नसायचा. म्हणून लस आईला. आईचं रक्त जंतूशी लढणारी प्रथिनं तयार करतं, ती नाळेतून मुलाकडे जातात, आणि मूल येतानाच आईकडून संरक्षण घेऊन येतं.

अडचण एक होती. या जंतूच्या अंगावर साखरेचं कवच असतं आणि आईचं रक्त त्या कवचावरूनच जंतू ओळखतं. पण कवच ठिकठिकाणी वेगळं. एका ठिकाणच्या लसीला दुसऱ्या ठिकाणचा जंतू ओळखू येत नाही. त्यावर उपाय असा काढला की प्रत्येक विभागात सांडपाण्याच्या नाल्यावर एक यंत्र बसवायचं. ते नाल्यातलं पाणी खेचून जंतूंची कवचं वाचणार, आणि त्या विभागापुरती वेगळी लस तयार होणार. आमचा घाटमाथा विभाग, खालचा किनारा विभाग. घाटातल्या एका वळणावर पाटी लावली होती. वर जाताना एक नाव, खाली येताना दुसरं.

लसीने काम केलं, हे आधी सांगायला हवं. गावात तान्ही मुलं दगावायची थांबली. आमची शर्वरी सुरूबंदरला झाली, केतकीच्या आईच्या हाताखाली वाढली आणि तिसऱ्या महिन्यात गुटगुटीत होऊन मोरखिंडीला आली. आम्ही तिला शरू म्हणतो.

ज्यांनी हे सगळं आखलं ते हुशार लोक होते. पण त्यांच्या कागदावरची बाई एकाच गावात राहत होती. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं हे आपल्यालाही सुचलं नाही. पहिलटकरणींची मुलं वाचत होती, त्यामुळे सगळे खूश होते. मग त्याच बायकांची दुसरी मुलं, सासरी, मरायला लागली.

बायकांनी लस घेतली नव्हती असं नाही. दुसऱ्या खेपेला सासरची लस नीट वेळेवर घेतली होती. पण शरीराला पहिला धडा पक्का बसतो. पुढे त्याच्यासारखाच पण थोडा वेगळा धडा दिला, तर ते नवा शिकत नाही, जुनाच पुन्हा म्हणून दाखवतं. सासरच्या लसीने बाईच्या अंगात माहेरचंच संरक्षण वाढायचं. आणि मूल सासरच्या जंतूंत उघडं पडायचं. एकदा एका विभागाची लस घेतली की बाई जन्मभरासाठी त्या विभागाची झाली. दोन्हींवर चालेल अशी लस बनवायचं काम सुरू आहे, असं तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगतात.

हे कळायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत केतकीच्या भावाच्या घरी मूल गेलं.

तिचा भाऊ निनाद. त्याची बायको मंजिरी वहिनी घाटावरची, आमच्याच बाजूची. तिचा पहिला मुलगा तिच्या माहेरी, वरच्या लसीवर झाला. दुसऱ्या वेळी तिला पुन्हा आईकडे जायचं होतं. केतकीची आई म्हणाली, दुसरं सासरी करायचं असतं, लोक काय म्हणतील. वहिनी राहिली. मुलगी झाली. सहाव्या दिवशी, पूजेची तयारी चालली असताना, ती मुलगी दूध ओढेना. केतकीच्या आईने ते मनाला लावून घेतलं आणि वर्षाच्या आत तीही गेली.

त्यानंतर नियम निघाला. ज्या विभागाची पहिली लस, त्याच विभागात पुढची सगळी बाळंतपणं, आणि मूल सहा महिन्यांचं होईपर्यंत मुक्कामही तिथेच. दोन-तीन महिन्यांत सगळीकडे उलटापालट झाली. घराघरांतल्या सुना माहेरी गेल्या आणि लेकी परत आल्या. टपरीवर माणसं म्हणायची, आपल्या घरात बहिणीची पोरं आणि आपली पोरं मेव्हण्याच्या घरात, सरळ घरंच बदलून टाकू. घाटातल्या गाड्या गर्भारणींनी आणि तान्ह्या मुलांनी भरून जात-येत होत्या. तेव्हा कुणाला वाटलं नाही की त्या गाड्यांतून आणखीही काही जात-येत असेल.

केतकीला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा हे असं होतं.

माझ्या आईला नियम मान्य नव्हता. तिने डिंक, खारीक, हळीव आणून डब्यात भरून ठेवले होते.

"दुसरं बाळंतपण सासरचं," ती म्हणाली. "तुझं, तुझ्या भावाचं, गल्लीतल्या निम्म्या पोरांचं बाळंतपण या हातांनी केलंय."

"आई, जंतू हात बघत नाहीत," मी म्हणालो.

"मग काय बघतात? पाटी बघतात? घाटात पाटी लावली की जंतू वाचून माघारी जातात होय?"

केतकी हसली, तोंडावर हात धरून. आईला ते आवडलं नाही. "हस. माझ्या हातचं नको आहे तुला. भावजयीच्या हातचं गोड लागेल."

भावजयीचाच प्रश्न होता. नियमाप्रमाणे आठवा महिना संपायच्या आत सुरूबंदरला राहायला जायचं होतं. त्यासाठी तिथलं घर लागायचं. भाड्याच्या खोल्या कधीच्या भरल्या होत्या. निनादच्या घरात मागची खोली रिकामी होती. फोनवर तो म्हणाला, "ये ना, पण एकदा वहिनीशी बोल." म्हणून आम्ही दोघं शरूला आईकडे ठेवून खाली गेलो.

मंजिरी वहिनीने चहा केला, चिवडा दिला, शरूची चौकशी केली. मग ती केतकीसमोर बसली.

केतकी म्हणाली, "वहिनी, मागच्या खोलीत राहीन मी. तुला काही करायला लावणार नाही. स्वयंपाक मीच बघेन."

"मागच्या खोलीतच होते मी," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे."

"तुला काय माहीत आहे? तू वर होतीस. मी तुझ्या आईला म्हटलं, मला माझ्या आईकडे जाऊ दे. त्या म्हणाल्या, दुसरं सासरी. त्याच पलंगावर माझ्या मांडीवर ती गार पडली. आणि आता त्याच पलंगावर तुझं बाळ लोळणार, कारण तू इथली. मी काय करू? शेजारी बसून लाडू वळू?"

"दादा," केतकी म्हणाली.

निनाद दाराच्या चौकटीशी उभा होता. तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा." आणि नारळ सोलायला परसात गेला.

"वहिनी, यात माझ्या बाळाचा काय दोष?"

"काहीच नाही," वहिनी म्हणाली. "माझ्या मुलीचा पण नव्हता."

ती रडत नव्हती की भांडत नव्हती. तिने कप उचलले, आत नेले आणि विसळायला घेतले. आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो.

घाट चढताना, पाटी मागे गेल्यावर केतकी म्हणाली, "तसंही ती लाडू कडकच करते. दात पडला असता माझा."

"तिरका?"

"तोच."

मग आम्ही ठरवलं. कळा सुरू झाल्या की लगेच निघायचं आणि थेट सुरूबंदरच्या दवाखान्यात जायचं. दारात आलेल्या बाईला कुणी माघारी पाठवणार नाही. मूल तिथे होईल, दवाखाना ठेवील तेवढे दिवस तिथे राहील, पुढचं पुढे बघू. माझ्या छोट्या टेम्पोत मागे मोटारी न्यायचो. तिथे मी गादी अंथरली आणि वर ताडपत्री बांधली. केतकी त्यात बसून बघायची आणि म्हणायची, "आता मी पण जळालेली मोटर."

कळा भर दुपारी सुरू झाल्या. रुग्णवाहिकेला फोन केला. ते म्हणाले, आमची गाडी पाटीपर्यंत येते, पुढे किनारा विभागाची गाडी घेऊन जाते, ती कधी येईल ते सांगता येत नाही. मी टेम्पो काढला. आई दारात उभी होती.

"आई, चल बरोबर. मागे तिच्याजवळ बस."

"माझ्या घरातलं बाळंतपण मी करीन," आई म्हणाली. "रस्त्यातलं करणार नाही. आत घे तिला. पाणी तापवते."

"आई."

"मी सांगितलं."

केतकी टेम्पोतून म्हणाली, "अहो, चला." आईने शरूला कडेवर घेतलं आणि दार लोटलं.

घाटाच्या तोंडाशी एक सरकारी दवाखाना आहे. तिथे पोचेपर्यंत केतकीच्या तोंडाचा रंग गेला होता, म्हणून मी गाडी आत घेतली. तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिने टेम्पोतच केतकीला तपासलं.

"फार पुढे गेलंय," ती म्हणाली. "इथेच होऊ दे. घाटात झालं तर मी नसेन तिथे."

केतकीने विचारलं, "बाळाची खात्री देता?"

"तुमची लस कुठली?"

"खालची."

डॉक्टरीण म्हणाली, "आमच्याकडचा नकाशा सांगतो की इथले जंतू वेगळे आहेत. नकाशा थोडा जुना आहे, पण दुसरा नाही माझ्याकडे. बाळाची खात्री नाही देऊ शकत. तुमची देऊ शकते."

"मग राहू द्या," केतकी म्हणाली. "चला हो."

डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. मी केतकीकडे बघितलं. ती म्हणाली, "मंजिरी वहिनीसारखं सहा दिवस मांडीवर घेऊन बसायचं माझ्याच्याने होणार नाही. चला."

मी निघालो. त्या जागी दुसरं कुणी असतं तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मला अजून लोक विचारतात, थांबला का नाहीस. बोलत होती ती. ती बोलत असताना मी तिचं ऐकत आलो होतो.

बाळ घाटात झालं. पाटी यायच्या अलीकडे. मी गाडी कडेला घेऊन मागे गेलो तेव्हा ते बाहेर आलं होतं आणि केतकीच्या हातात होतं. रडत होतं. निघताना नंबर दिलेली ती डॉक्टरीण फोनवर होती, ती सांगत गेली तसं मी केलं. नाळ बांधली. अंगावरच्या शर्टात त्याला गुंडाळलं. मग गादीवर किती रक्त आहे ते मला दिसलं. फोनवर डॉक्टरीण पोट जोरात चोळायला सांगत होती. मी चोळलं. रक्त थांबेना. शेवटी ती म्हणाली, जो दवाखाना जवळ असेल तिथे न्या, लगेच. तेव्हा खालचा जवळ होता.

मी गाडी पळवली. मधली काच उघडी होती.

"मुलगा आहे," केतकी म्हणाली.

"बघितला मी."

"पाटी गेली का?"

पाटी अजून यायची होती.

"गेली," मी म्हणालो.

"मग बरं."

त्यानंतर ती काही बोलली नाही. सुरूबंदरला पोचल्यावर त्यांनी तिला आत नेलं, आणि बराच वेळ गेल्यावर एक डॉक्टर बाहेर आला आणि माझ्यासमोर त्याने हात जोडले. बाळ ठणठणीत होतं.

दुसऱ्या दिवशी तोच डॉक्टर म्हणाला, बाळाला वर नेऊ नका. त्याच्या अंगात आईने दिलेलं आहे ते इथल्या जंतूंसाठी. सहा महिने तरी त्याला इथेच कुणाकडे ठेवा. कोण आहे तुमचं इथे?

मी काही बोलायच्या आत मंजिरी वहिनी पुढे आली. ती आदल्या संध्याकाळपासून दवाखान्यात होती. तिने बाळाला नर्सच्या हातातून घेतलं.

"मी ठेवते, भाऊजी," ती म्हणाली. "आईबरोबर नको म्हणाले होते मी. आता एकटं आहे."

मी दिलं. दुसरीकडे कुठे ठेवणार होतो?

पुढचे पाच महिने मी दर रविवारी खाली गेलो. खोटं कशाला बोलू, वहिनीने त्याचं नीट केलं. डब्याचं दूध उकळलेल्या पाण्यात, बाटल्या वाफेवर, रोज तेल लावून आंघोळ. मागच्या खोलीतल्या पलंगावर ती त्याला घेऊन निजायची. नाव ठेवायचं राहिलं होतं, माझी आई म्हणत होती की बारसं आपल्या घरीच करू. वहिनी त्याला सोन्या म्हणायची. एकदा त्याला खांद्यावर थोपटता थोपटता ती मला म्हणाली, "पुढच्या वर्षी मी वर आईकडे जाणार आहे. मला पण होईल. माझी लस तिकडची, तिकडे सगळं नीट होईल." निनाद तिथेच होता. तो खूश दिसला. मीही बरं म्हणालो.

घरी आई रोज विचारायची, कधी आणतोस. डिंक तसाच डब्यात होता. शरू तिच्या बाहुलीला दोरीने ओढत दारापर्यंत न्यायची, तिथे थांबवायची आणि सांगायची, "पुढे जायचं नाही, पुढे जंतू आहेत."

मग ती मोटर माझ्याकडे आली.

मोरखिंडीच्या नाल्यावर ते यंत्र आहे, दुकानावर जाता-येता मला दिसायचं. त्याची पाणी खेचायची मोटर कधीची जळाली होती. दुरुस्तीचं काम शहरातल्या कुठल्याशा कंपनीकडे होतं आणि तिचा माणूस येत नव्हता. तोवर यंत्र बंद, नमुने बंद, नकाशा जुना. शेवटी कचेरीतल्या कुणीतरी कंटाळून सांगितलं, गावातच भरून घ्या. तांबोळी मॅडम मोटर घेऊन दुकानात आल्या. त्या प्रयोगशाळेच्या, नव्यानेच बदली होऊन आलेल्या. हसऱ्या बाई. मोटर साधीच होती. पाणी आत शिरून तार जळाली होती. मी ती भरली, वॉर्निश दिलं, वाळवली आणि नाल्यावर नेऊन बसवून दिली.

आठवड्याने त्या पुन्हा आल्या, हातात पेढे.

"तुमच्या मोटारीने चांगली बातमी आणली," त्या म्हणाल्या. "नमुने वाचले. वरच्या आणि खालच्या जंतूंत आता फरकच नाही."

"म्हणजे?"

"एवढ्या बायका वर-खाली गेल्या-आल्या, त्यांच्या पोटातून जंतूही आले. खालचा जंतू चिवट निघाला. त्याने वरच्याला हटवलं. आपला जुना घाटमाथ्याचा प्रकार नमुन्यात एकदाही सापडला नाही. आता इथेही किनाऱ्याचाच आहे. ज्यांनी खालची लस घेतली त्या बायका आता इथे, आपल्या घरी बाळंत होऊ शकतात. पुढच्या आठवड्यात जाहीर करतील."

"कधीपासून असं आहे?"

"आता नेमकं कसं सांगणार? मोटर बंद होती ना. पण वरचा एकही उरला नाही, म्हणजे हे होऊन आठ-दहा महिने तरी झाले असणार."

मी हातातला पेढा खाली ठेवला. "आणि ज्यांनी वरची लस घेतली?"

त्यांचं हसू थोडं कमी झालं. "त्यांचं अवघड झालं. त्यांच्या अंगात ज्या जंतूचं संरक्षण आहे तो जंतू कुठे राहिलाच नाही. दोन्हींची लस येईपर्यंत त्यांनी थांबावं असं मी म्हणेन. पण किती वर्षं, ते मला माहीत नाही." मग त्यांना काहीतरी आठवलं. "तुमच्या घरी आहे का कुणी, दुसऱ्या खेपेची? आधीच सांगून ठेवा."

"नाही," मी म्हणालो.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ ती निवडत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही.

"म्हणजे इथे झालं असतं तर चाललं असतं," ती म्हणाली.

"हो."

"मी पाणी तापवते म्हटलं होतं."

"आई, तुला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं."

"मी म्हटलं होतं," आई म्हणाली. "जा. माझा नातू आण."

मी गुरुवारी खाली गेलो. मंजिरी वहिनी ओटीवर पाय पसरून बसली होती आणि बाळ तिच्या पायांवर पालथं होतं. ती त्याच्या पाठीला तेल लावत होती.

"आज कसे, भाऊजी? रविवारी येता ना?"

"न्यायला आलोय."

"वर?" ती हसली. "अजून महिना आहे. डॉक्टर काय म्हणाले विसरलात?"

मी तिला सांगितलं. तांबोळी मॅडम जे बोलल्या होत्या ते त्यांच्याच शब्दांत. तिचा हात बाळाच्या पाठीवर थांबला.

"कधीपासून?"

आत्ताआत्तापासून, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

"केतकी इथे विचारायला आली होती, त्याच्या आधीपासून."

"म्हणजे ती तिथे घरीच..."

"हो. घरी नाहीतर इथे. कुठेही."

बाळ कुरकुरलं. तिने पुन्हा तेल चोळायला घेतलं. मग ती म्हणाली, "मग आता सगळीकडे एकच आहे. मला आईकडे जायला नको. इथेच होईल माझं."

"वहिनी, तुमची लस वरची."

"हो, पण वर आणि खाली आता एकच ना?"

"एकच आहे. खालचा. वरचा आता वरही नाही."

"मग कुठे आहे?"

"कुठेच नाही."

तिचं एक मूल याच पायी गेलं होतं, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. परसातून निनादचा आवाज आला, "कोण आलंय गं?" तिने बाळाला सुलटं केलं, आंघोळ घालायला नेलं, पुसलं, टोपरं घातलं, दुपट्यात गुंडाळलं. ते दुपटं तिच्या मुलीसाठी शिवलेलं होतं, कोपऱ्यावर लाल दोऱ्याचं फूल होतं. या सगळ्याला तिने फार वेळ लावला. मी ओटीवर उभा राहिलो. घाई करा म्हणालो नाही आणि राहू दे असंही म्हणालो नाही.

मग तिने त्याला माझ्या हातांत दिलं.

"उजव्या कुशीवर नाही झोपत तो," ती म्हणाली.

"बरं."

"भाऊजी, दोन दिवस राहू द्या. महिनाभर नाही म्हणत. दोन दिवस."

"आई वाट बघतेय," मी म्हणालो.

मी त्याला पुढच्या सीटवर टोपलीत डाव्या कुशीवर ठेवलं आणि निघालो. आरशात ती ओटीवर दिसत होती, तेलाची वाटी हातात, निनाद तिच्या मागे येऊन उभा राहिलेला. वळण आलं आणि दिसेनाशी झाली.

घाटात पाटी अजून होती. जाहीर व्हायचं होतं, म्हणून कुणी काढली नव्हती. ज्या ठिकाणी तो झाला ती जागा तिच्या थोडी पुढे आहे. बाळ झोपलं होतं. पाटी मागे पडल्यावर मी म्हणालो, "गेली."

मग ती जागा आली, आणि मी गाडी थांबवली नाही.